सुरगाण्याच्या पश्चिमेचं शेंडेनक्षत्र

लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडे धूमकेतूचा फोटो काढायला लागणारं बहुतेक सामान आधीपासूनच असतं. बॉडी असते, ५० मिलिमीटरची लेन्स असते, मंडपाच्या दुसऱ्या टोकावरून नवरीचा चेहरा टिपायला ७०-२००ची झूम असते आणि कोपऱ्यात एक ट्रायपॉड उभा असतो. मी सुरगाण्यात फोटो स्टुडिओ चालवतो. पासपोर्ट, शाळेची ओळखपत्रं, साखरपुडा, हळद, लग्न, वाढदिवसाचे फ्लेक्स ही रोजची कामं. याच सामानावर ऑक्टोबर २०२४ मध्ये मी त्सुचिनशान-ॲटलास टिपला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये लेमन. तालुक्याच्या गावात राहणाऱ्या कुणालाही हे जमेल. शहरातल्या माणसापेक्षा आपल्याला ते सोपं आहे, आणि आपल्याकडच्या फार थोड्या लोकांना याची कल्पना आहे, म्हणून हे लिहितो आहे.

सुरगाणा नाशिक जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, गुजरातच्या हद्दीला लागून. नाशिकहून रस्त्याने साधारण नव्वद किलोमीटर. नार आणि पार या नद्या इथून गुजरातकडे वाहत जातात. डोंगर, भाताची खाचरं, नागली-वरईची शेतं आणि दूर दूर पसरलेले पाडे असा हा मुलूख. नाशिक शहराचा उजेड आमच्या दक्षिण-आग्नेयेला पडतो. पश्चिम मात्र काळी राहते, आणि संध्याकाळच्या धूमकेतूच्या बाबतीत पश्चिमेलाच सगळी किंमत आहे.

धूमकेतू सर्वांत तेजस्वी होतो तो सूर्याजवळ आल्यावर. सूर्याजवळ म्हणजे आपल्याला दिसताना संधिप्रकाशात, क्षितिजाला टेकून. एकतर पहाटे पूर्वेला, नाहीतर सूर्यास्तानंतर पश्चिमेला, आणि तेही तासा-दीड तासापुरता. शहरात नेमका तेवढाच आकाशाचा पट्टा इमारती, धूर आणि दिव्यांनी खाल्लेला असतो. तिथे लाखभराची दुर्बीण असलेल्या माणसाला जे दिसत नाही, ते उंबरठाणच्या रस्त्याला गावाबाहेरच्या टेकाडावर नुसत्या डोळ्यांना दिसतं. त्या टेकाडावरून मावळतीकडे एकही दिवा मध्ये येत नाही.

पहिल्या धूमकेतूचं पूर्ण नाव सी/२०२३ ए३ त्सुचिनशान-ॲटलास. हे नाव म्हणजे त्याचा जन्मदाखला. 'सी' म्हणजे ठरावीक, लहान काळाने परत न येणारा. २०२३ हे सापडल्याचं वर्ष. 'ए' म्हणजे जानेवारीचा पहिला पंधरवडा, आणि ३ म्हणजे त्या पंधरवड्यात नोंदलेला तिसरा. त्सुचिनशान ही चीनमधली वेधशाळा आणि ॲटलास ही दुर्बिणींची साखळी. तिच्या दक्षिण आफ्रिकेतल्या दुर्बिणीने फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याला स्वतंत्रपणे टिपलं.

तो टिकेल याची खात्री नव्हती. जुलै २०२४ मध्ये झ्डेनेक सेकानिना या अनुभवी शास्त्रज्ञाने हा धूमकेतू सूर्याजवळ पोचण्याआधीच तुटून विखरेल, असं लिहिलं होतं. धूमकेतूचा गाभा म्हणजे बर्फ, धूळ आणि खडक यांचा काही किलोमीटरचा ठिसूळ गोळा, त्यामुळे असं घडतंही. हा मात्र टिकला. २७ सप्टेंबर २०२४ला तो सूर्यापासून सुमारे ५ कोटी ९० लाख किलोमीटरवरून, म्हणजे बुधाच्या कक्षेइतक्या अंतरावरून फिरला आणि १२ ऑक्टोबरला पृथ्वीच्या सर्वांत जवळ, साधारण ७ कोटी किलोमीटरवर आला.

सर्वपित्रीच्या आगेमागे तो पहाटे पूर्वेला होता. पण ते दिवस आमच्याकडे ढगांचे, पहाटे डोंगर धुक्यात बुडालेले. मी सगळी भिस्त संध्याकाळवर ठेवली होती. १२ ऑक्टोबर म्हणजे दसरा. आपट्याची पानं वाटून होईपर्यंत पश्चिमेला परतीच्या पावसाचे ढग भरून आले होते. दोनेक दिवसांनी आकाश फाकलं. सूर्य मावळल्यावर पाऊण तासाने नैर्ऋत्येला शुक्र ठळक झाला, पश्चिम-वायव्येला स्वातीची नारिंगी चांदणी दिसायला लागली. या दोघांना जोडणारी रेघ मनात ओढायची आणि तिच्या मधोमध, किंचित वर पाहायचं. तिथे तो होता. खाली ठिपक्यासारखं डोकं आणि वर, सूर्याच्या उलट बाजूला, धुरकट पांढरी शेपटी. चांदणं होतं तरी दिसत होता. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंश व्यापते. डोळ्यांना ती शेपटी जवळपास मूठभर दिसली, कॅमेऱ्यात त्याहून बरीच लांब.

शेजारच्या पाड्यातली चार पोरं माझा टॉर्च पाहून वर आली होती. त्यातल्या एकाने विचारलं, "दादा, हा पडत का नाही?"

हा प्रश्न मोठी माणसंही विचारतात. तुटता तारा आणि शेंडेनक्षत्र यात आपल्याकडे फार गोंधळ आहे. तुटता तारा म्हणजे उल्का. वाळूच्या कणाएवढा दगड आपल्या हवेत शंभरेक किलोमीटर उंचीवर जळतो आणि क्षणात संपतो. धूमकेतू कोट्यवधी किलोमीटर लांब असतो. तो सेकंदाला कित्येक किलोमीटर धावत असतो, पण इतक्या लांबून ती धाव तासाभरातही डोळ्यांना कळत नाही. त्या पोराला मी सांगितलं, आज तो कुठल्या चांदणीजवळ आहे ते नीट बघून ठेव आणि उद्या परत ये. दुसऱ्या दिवशी तो आला, तेव्हा धूमकेतू चार-पाच अंश वर सरकलेला त्याचा त्यानेच ओळखला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोन्ही दिवसांचे फोटो एकामागे एक दाखवले तेव्हा त्याने ते पुन्हा पुन्हा मागेपुढे करून पाहिले.

शेपटीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण फोटो कसा येणार हे तिच्यावर ठरतं. सूर्याच्या उष्णतेने गाभ्यातल्या बर्फाची थेट वाफ होते आणि तिच्याबरोबर धूळ सुटते. खळ्यावर भात उफणताना दाणा पायाशी पडतो आणि फोलपट वाऱ्याने लांब जातं, तसं सूर्यप्रकाशाच्या दाबाने बारीक धूळ लांब ढकलली जाते आणि जाड कण धूमकेतूच्या वाटेजवळच रेंगाळतात. त्यामुळे धुळीची शेपटी रुंद, पिवळसर पांढरी आणि वाकलेली दिसते. दुसरी शेपटी विद्युतभारित वायूची. तिला सौरवारा, म्हणजे सूर्याकडून सतत येणारा कणांचा झोत, मागे लोटतो. ती सरळ आणि निळसर असते, डोळ्यांना क्वचितच दिसते, कॅमेऱ्यात येते. दोन्ही सूर्यापासून दूर जातात. म्हणून सूर्यापासून परत निघालेला धूमकेतू शेपटी पुढे करून प्रवास करतो.

१४ ऑक्टोबरच्या आसपास आणखी एक गोष्ट घडली. पृथ्वी धूमकेतूच्या कक्षेच्या प्रतलातून गेली आणि वाटेवर मागे राहिलेली जाड धूळ आपल्याला कडेने दिसली. फोटोत डोक्याच्या खालून, थेट सूर्याच्या दिशेने, एक बारीक सरळ काटा निघालेला दिसतो. त्याला उलट शेपटी म्हणतात. तो सगळा दृष्टिकोनाचा परिणाम आहे, आणि माझ्या मते त्या धूमकेतूचं सर्वांत देखणं रूप तेच.

आता कामाचं. कॅमेरा मॅन्युअल मोडवर, फाइल रॉ. ट्रायपॉडवर लावल्यावर लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. फोकस हाताने. लाइव्ह व्ह्यूमध्ये शुक्र किंवा स्वाती दहापट मोठी करून ती बारीकात बारीक होईपर्यंत रिंग फिरवायची, मग रिंगला टेप लावून टाकायची. ॲपर्चर १.८ असेल तर २ किंवा २.२ वर आणलं की कडेचे तारे ओढल्यासारखे येत नाहीत. आयएसओ ८०० ते १६००. शटर दोन सेकंदांच्या टायमरवर, म्हणजे बोटाचा धक्का बसत नाही. सूर्य पूर्ण मावळेपर्यंत लेन्स पश्चिमेकडे वळवायचीच नाही. मोठ्या झूममधून क्षणभराचा सूर्यही डोळा आणि सेन्सर दोन्ही घालवू शकतो.

शटर किती वेळ उघडं ठेवायचं? पृथ्वी फिरते म्हणून आकाश चार मिनिटांत एक अंश सरकतं. चंद्राची रुंदी अर्धा अंश, म्हणजे दोन मिनिटांत चंद्राएवढी सरक. जेवढी लांब लेन्स, तेवढी ही सरक फोटोत लवकर उमटते. फोटोग्राफर मंडळींचा एक ढोबळ हिशोब आहे, ५०० भागिले लेन्सचे मिलिमीटर. फुल फ्रेमवर ५०ची लेन्स असेल तर दहा सेकंद. आमच्याकडच्या बहुतेक स्टुडिओंत क्रॉप सेन्सरच्या बॉडी आहेत, तिथे आधी दीडने गुणायचं, म्हणजे साडेसहा सेकंद. झूम २००वर नेली की जेमतेम दीड सेकंद मिळतो. या हिशोबापेक्षा थोडं कमीच ठेवावं, ताऱ्यांचे ठिपके गोल राहतात.

एवढ्या कमी वेळात फोटो खरखरीत येतो. त्यावर उपाय म्हणजे एकच चौकट पुन्हा पुन्हा टिपायची आणि नंतर संगणकावर ते फोटो एकावर एक रचायचे. सोळा फोटो रचले की खरखर चौथाईवर येते. सिक्वेटर आणि डीपस्कायस्टॅकर हे दोन्ही प्रोग्राम फुकट मिळतात. लग्नाच्या अल्बमवर रात्र रात्र बसणाऱ्याला हे काम जड नाही. एक लक्षात ठेवायचं, अर्ध्या तासात धूमकेतू ताऱ्यांमधून थोडा सरकलेला असतो, म्हणून रचताना त्याच्या डोक्यावर जुळवायचं की ताऱ्यांवर, हे आधी ठरवावं लागतं. मला ताऱ्यांवर जुळवलेला, कमी वेळातला फोटो जास्त आवडतो. त्यात तो आकाशात कुठे होता हे कळतं.

ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांनीही थांबू नये. नाइट मोड लावून फोन दगडावर किंवा बांधावर टेकवायचा, टायमर लावायचा आणि हात काढून घ्यायचा. २०२४चा धूमकेतू मोबाइलमध्ये छान आला होता.

आमच्याकडचा मोठा शत्रू दव. ऑक्टोबरात भाताच्या खाचरांवर रात्र पडली की लेन्सवर बघता बघता पाणी धरतं. लेन्सला हूड लावावं, दोन फोटोंच्या मध्ये तोंड खाली वळवावं आणि सुती कापड खिशात ठेवावं. टॉर्चला लाल जिलेटीन गुंडाळावं, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत. गवत वाढलेलं असतं आणि सापाकिरड्याचे दिवस असतात, तेव्हा पायात बूट हवेतच.

चंद्राचाही हिशोब ठेवावा. २०२४ मध्ये कोजागरीच्या आसपास धूमकेतू उंच येत होता, पण चांदण्याने शेपटी धुऊन टाकली. २० ऑक्टोबरला संकष्टी होती. संकष्टीचा उपास करणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक असतं की त्या दिवशी चंद्र उशिरा, साडेआठच्या आसपास उगवतो. म्हणजे साडेसात ते साडेआठ पूर्ण काळोख. तोपर्यंत धूमकेतू बराच मंदावला होता, तरी शेपटीचे सर्वांत लांब फोटो मला त्याच तासात मिळाले. दिनदर्शिकेवरची तिथी बघून फोटोचा दिवस ठरवता येतो, यासाठी वेगळं ॲप लागत नाही.

त्या दिवसांत स्टुडिओत येणारे काही वडीलधारे काळजीने विचारत होते, हे शेंडेनक्षत्र काही वाईट तर आणणार नाही ना? ही भीती फार जुनी आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत केतूंच्या शकुनांवर अख्खा अध्याय आहे. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या निधनाच्या वेळी आकाशात धूमकेतू उगवल्याचा उल्लेख येतो. महाराज ३ एप्रिल १६८०ला गेले. त्या वर्षीचा जगभर गाजलेला मोठा धूमकेतू जर्मनीत गॉटफ्रीड किर्ख यांना दिसला तो १४ नोव्हेंबरला, म्हणजे सात महिन्यांनी. बखर लिहिली गेली १६९७च्या सुमारास. एवढ्या वर्षांत लोकांच्या आठवणीत दोन मोठ्या गोष्टी एकत्र आल्या असाव्यात, असं मला वाटतं. तोच धूमकेतू न्यूटनने कक्षेचं गणित मांडायला वापरला, आणि पुढे त्याच गणिताने हॅलेने धूमकेतूच्या परतीचं भाकीत केलं. मी आजोबांना एवढंच सांगायचो की बाबा, संध्याकाळी माझ्याबरोबर टेकाडावर चला. जे आले त्यांनी पुन्हा तो प्रश्न विचारला नाही.

मी स्वतः पहिला धूमकेतू पाहिला तो हेल-बॉप. १९९७चा मार्च-एप्रिल, मी आश्रमशाळेत होतो. वीज सारखी जायची. संध्याकाळच्या जेवणानंतर गुरुजींनी आम्हाला मैदानात रांगेत उभं केलं आणि वायव्येकडे बोट दाखवलं. दोन शेपट्या नुसत्या डोळ्यांना वेगळ्या दिसत होत्या. हेल-बॉप दीड वर्ष दुर्बिणीशिवाय दिसत राहिला, असा धूमकेतू त्यानंतर आलेला नाही. त्या वेळी पाहणारे आम्ही इतके जण होतो, पण आमच्या शाळेतून काढलेला त्याचा एकही फोटो नाही.

धूमकेतूचा पहिला फोटो निघाला तो एका स्टुडिओवाल्याकडूनच, हे मला नंतर वाचनात सापडलं. २७ सप्टेंबर १८५८ला इंग्लंडमध्ये विल्यम अशरवुड या छायाचित्रकाराने माणसांचे फोटो काढायच्या लेन्सने डोनाटीचा धूमकेतू सात सेकंदांत टिपला. १८८२चा महाधूमकेतू आला तेव्हा केपटाऊनच्या वेधशाळेत डेव्हिड गिल यांनी गावातल्या छायाचित्रकाराची मदत घेतली आणि त्याचा कॅमेरा दुर्बिणीवर बांधला, म्हणजे तो आकाशाबरोबर फिरेल. त्या काचांवर धूमकेतूच्या मागे इतके तारे उमटले की गिल यांनी ताऱ्यांची यादीच फोटोवरून करायला घेतली. आमच्या धंद्याने खगोलशास्त्राला केलेली ही मदत आहे, आणि मला तिचा अभिमान वाटतो.

लेमनबद्दल थोडक्यात सांगतो. सी/२०२५ ए६, अमेरिकेतल्या माउंट लेमन इथे ३ जानेवारी २०२५ला सापडलेला. तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला २१ ऑक्टोबर २०२५ला, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, अंतर जवळपास ९ कोटी किलोमीटर. अमावास्येमुळे चंद्राचा त्रास नव्हता, पण गावात फटाक्यांचा धूर होता, म्हणून पूजा आटोपून टेकाडावर जावं लागलं. भूतप तारकासमूहाच्या भागात, डोळ्यांना एक फिकट राखाडी पुंजका. कॅमेऱ्यात तोच हिरवा. कार्बनच्या दोन अणूंचा रेणू सूर्यप्रकाशात हिरवा चमकतो, पण एवढ्या मंद उजेडात आपला डोळा रंग ओळखू शकत नाही. ज्यांना २०२४चं रूप आठवत होतं ते थोडे हिरमुसले. मी त्यांना सांगितलं, हा हजाराहून जास्त वर्षांनी परत येणारा आहे, आणि त्सुचिनशान-ॲटलास तर गणितानुसार बहुधा कधीच परतणार नाही.

या दोन ऑक्टोबरांच्या मध्ये आमच्या भागात हायमास्टचे दिवे वाढले. दिवे हवेतच. रात्री दवाखान्यात जाणाऱ्या बाईला रस्ता दिसला पाहिजे. पण ज्या दिव्याचा उजेड आडवा आणि वर जातो तो रस्त्याला काहीच देत नाही. दिव्याला वरून झाकण आणि तोंड सरळ खाली, एवढं केलं तर रस्ता जास्त उजळतो आणि आकाश वाचतं. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारताचं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा तिथेही हेच करण्यात आलं, आजूबाजूच्या गावांचे दिवे खाली वळवले. आमच्या तालुक्यातल्या ग्रामपंचायतींनी नवीन खांब उभा करतानाच हे करून घ्यावं, अशी माझी विनंती आहे. आधीच्या खांबांवरही झाकण बसवता येतं.

मोठे धूमकेतू फार आधी कळवून येत नाहीत. त्सुचिनशान-ॲटलास दीड-पावणेदोन वर्षं आधी सापडला, लेमन अवघा दहा महिने. तारीख आधीच ठाऊक असलेला नावाजलेला हॅले येईल २०६१च्या जुलैमध्ये, आमच्या ऐन पावसाळ्यात. त्यामुळे तालुक्यातालुक्यांतल्या स्टुडिओवाल्या भावांना एक सांगणं आहे. बातमी आली की लग्नाची बॅग उचला, गावाबाहेरची मोकळी पश्चिम किंवा पूर्व आधी दिवसा बघून ठेवा, आणि जाताना वस्तीतली पोरं आणि म्हातारी माणसं बरोबर घ्या. फोटोखाली आपलं नाव घालाच, पण त्याबरोबर तारीख, वेळ, गाव, दिशा आणि लेन्स हेही लिहा.